स्वग्राम आणि महाराष्ट्रदर्शन

शासकीय सेवकाने कुटुंबासह प्रवासास जावे आणि त्या प्रवासाचे भाडे त्याला सरकारी तिजोरीतून मिळावे, अशी तरतूद केंद्र सरकारने १९५६ साली प्रथम केली, तेव्हा ती केवळ स्वतःच्या गावी जाण्यापुरती होती. देशात अन्यत्र हिंडण्याची मुभा तिच्यात पुष्कळ वर्षांनी आली. महाराष्ट्र शासनाच्या नियमांतही हेच दोन मार्ग आहेत: दोन वर्षांतून एकदा स्वग्राम आणि चार वर्षांतून एकदा महाराष्ट्रदर्शन. कुटुंबाची सुट्टी आप्तांच्या घरी जावी की अनोळखी प्रदेशात, हा जो वाद मे महिना जवळ आला की घरोघरी निघतो, तो सरकारच्या दफ्तरात असा कधीच नोंदला गेलेला आहे. आणि हाच वाद मी अलीकडे गोसीखुर्द येथे, ज्यांना तो मांडण्याचा विशेष अधिकार आहे अशा दोन व्यक्तींच्या तोंडून ऐकला.

पवनी तालुक्यात वैनगंगेवर उभे असलेले हे धरण, ज्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली आणि ज्याचा ३७२ कोटी रुपयांचा आरंभीचा अंदाज पुढे कित्येक पटींनी ओलांडला गेला, ते पाहावयास नागपूरकडची कुटुंबे सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांसह येतात, तेहतीस दरवाजांकडे बोट दाखवतात, छायाचित्रे काढतात आणि संध्याकाळी परततात. आमच्याबरोबर जे वृद्ध गृहस्थ होते ते मात्र दरवाजांकडे पाठ करून जलाशयाकडे पाहत होते. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले. त्यांचे गाव या पाण्याखाली गेले आहे. त्यांची सून नागपूरच्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते आणि आमच्या भागातील जुन्या चालीप्रमाणे सासऱ्यांना 'मामाजी' म्हणते. या घराशी माझा जुना ऋणानुबंध आहे, म्हणून त्यांचे संभाषण मला ऐकता आले, आणि ते प्रसिद्ध करण्यास दोघांचीही संमती आहे.

वादाचे निमित्त साधे होते. मुलगा आणि सून मे महिन्यात दोन्ही मुलांना घेऊन चिखलदऱ्याला जाणार होते. मामाजींची इच्छा अशी की मुलांनी, नेहमीप्रमाणे, सारी सुट्टी धाकट्या भावाच्या घरी, पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात घालवावी.

"माझ्या सेवापुस्तकात स्वग्राम म्हणून जो मौजा लिहिलेला आहे," मामाजी म्हणाले, "तो तिकडे, त्या जलपर्णीच्या पट्ट्याच्या पलीकडे. जमीन संपादित झाली, मोबदला मिळाला, फेरफार नोंदले गेले, घरांचे पंचनामे झाले. पण सेवापुस्तकातली नोंद बदलण्यासाठी मी अर्ज केला नाही आणि निवृत्तीपर्यंत ती तशीच राहिली. नोकरीत असताना दर दोन वर्षांनी सवलत घेतली ती त्याच गावासाठी. नागपूरहून नागभीडकडे जाणारी छोटी गाडी होती, २०१९ मध्ये रूळ रुंद करण्यासाठी बंद केली ती. तिने पवनी रोडला उतरायचे, तेथून एस. टी. आणि पुढे बैलगाडी. मुले गाडीत उभ्यानेच यायची आणि घरी पोचताच कपडे न बदलता नदीकडे धावायची. मे महिन्यात वैनगंगेचे पात्र अर्धे कोरडे असे. वाळूत ढिवरांच्या डांगरवाड्या असत. डांगर तोडून हातात देताना ते पैसे मागत नसत, हा कोणाचा नातू एवढेच विचारत. तहान लागली की मुले वाळूत हातभर झिरा उकरायची आणि पाणी निवळेपर्यंत भोवती बसून राहायची. तसा झिरा उकरायला आता वाळू नाही, हे मला समजते, सूनबाई. म्हणूनच म्हणतो, जे उरले आहे ते तरी मुलांना मिळू दे."

"जे उरले आहे ते म्हणजे काय, मामाजी?" तिने शांतपणे विचारले. "नव्या गावठाणात नदी नाही, आमराई नाही. एका ओळीत आखलेले भूखंड आहेत, आणि त्यांतल्या एका भूखंडावर चुलतसासऱ्यांचे दोन खोल्यांचे घर आहे. नदीसाठी जायचे तर नदी तेथे नाही. मग मुले जातात ती कशासाठी?"

"माणसांसाठी," ते म्हणाले. "नव्या गावठाणात अठरा नागरी सुविधा द्याव्यात असा नियम आहे. त्या यादीत रस्ता आहे, शाळा आहे, स्मशानभूमीसुद्धा आहे, शेजार नाही. आमच्या मौजाची माणसे वेगवेगळ्या गावठाणांत वाटली गेली, काही भंडाऱ्याला गेली, काही मोबदला घेऊन नागपूरला. पूर्वी जे नाते रोज पाणी भरताना, बांधावर, पारावर आपोआप जिवंत राहत होते, त्याला आता निमित्त लागते. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई येतात, रात्री झाडीपट्टीचे नाटक लागते आणि माणसे पहाटेपर्यंत तट्ट्यावर बसून राहतात, हे एक निमित्त. उन्हाळ्याची सुट्टी हे दुसरे. ही दोन सोडली तर आमचे गाव कोठेही भरत नाही. तुमच्यासाठी सुट्टी म्हणजे विश्रांती असेल. आमच्यासाठी ते गावच आहे."

हे वाक्य ऐकून मी तिच्याकडे पाहिले. एखाद्या दुबळ्या मनाच्या वक्त्याने येथे माघार घेतली असती, किंवा कोरडे उत्तर देऊन विषय टाळला असता. तिने तसे काही केले नाही. ती काही वेळ विचार करीत राहिली आणि मग तिने जो मुद्दा काढला तो, माझ्या मते, स्वग्रामाच्या सुट्टीविरुद्ध आजवर मांडला गेलेला सर्वांत गंभीर मुद्दा आहे.

"मागच्या मे महिन्यात मुलांनी काकूंकडे सरगुंडे मागितले," ती म्हणाली. "शहरातल्या मुलांना ते माहीत नसतात, आणि आंब्याच्या रसाबरोबर एकदा खाल्ले की ती सोडत नाहीत. काकू पहाटे उठल्या. घट्ट पीठ मळले, त्याची दोरीसारखी बारीक वळी हाताने वळली आणि एकेक वळी पातळ काडीवर वेटोळ्या वेटोळ्याने गुंडाळून, काडी हलकेच ओढून घेतली. एका माणसाच्या पोटाला पुरतील एवढे सरगुंडे करायला किती वेळ लागतो, हे मी त्यांच्याशेजारी बसून पाहिले. घरात आम्ही धरून सोळा माणसे होतो. पुरुष ओसरीवर गावठाणाच्या नळयोजनेविषयी बोलत होते, मुले अंगणात होती, आणि काकू, त्यांची सून आणि मी दुपारी दोन वाजेपर्यंत चुलीपुढून उठलो नाही. सगळे जेवले, सगळ्यांनी वाखाणले. काकूंनी त्या दिवशी रस खाल्ला नाही. तो संपला होता. मामाजी, तुम्ही जिला सुट्टी म्हणता, तिच्यात त्या घराच्या बाईला एक दिवसाचीही रजा नसते. उलट इतरांची रजा जितकी लांब, तितकी तिची चाकरी वाढत जाते."

"तिला ते आवडते," मामाजी म्हणाले. "माणसे आली नाहीत तर तीच रुसते."

"आवडते, हे खरे आहे, आणि तिला पर्याय कधी मिळाला नाही, हेही खरे आहे. मी मुलांना शिकवते की १९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली आणि जी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या कारखान्याच्या भोंग्यावर जगत होती, त्यांतली कितीतरी त्या उन्हाळ्यात प्रथमच समुद्रकिनारी गेली. तो धडा शिकवताना मला प्रत्येक वेळी काकू आठवतात. त्यांना रजा देणारा कायदा कोणी करणार नाही. ती रजा घरच्यांनीच द्यायची असते. चिखलदऱ्याला आम्ही एकदा गेलो तेव्हा तीन दिवस मी चहासुद्धा केला नाही. सकाळी धुके उतरत असताना आम्ही चौघे गाविलगडाच्या तटावर चढलो. तुमच्या मुलाने, जो घरी रात्री नऊला येतो आणि जेवता जेवता मोबाईल पाहतो, मुलीला दोन तास किल्ल्याची गोष्ट सांगितली. गावठाणात तो येतो तेव्हा तो कोणाचा तरी पुतण्या असतो, कोणाचा तरी भाऊ असतो. मुलांचा बाप म्हणून तो तेथे त्यांच्या वाट्याला येतच नाही. मुलांना बाप मिळावा म्हणून मला डोंगरावर जावे लागते, एवढेच माझे म्हणणे आहे."

मामाजींनी चिखलदऱ्याविषयी किंचित आवेशाने उत्तर दिले. थंड हवेच्या ठिकाणी उन्हाळा काढण्याची ही चाल साहेबांची आहे, असे ते म्हणाले. मध्यप्रांताचे सरकार उन्हाळ्यात दफ्तरासकट पचमढीला जात असे आणि रयत येथे उन्हात राहत असे. त्या चालीचेच अनुकरण आता आपण पदरचे पैसे मोजून करतो. हा युक्तिवाद मला दुर्बळ वाटतो. साहेबाने जे स्वतःपुरते राखून ठेवले होते ते शाळाशिक्षिकेच्या कुटुंबाला सुलभ व्हावे, यात अनुकरण नसून न्याय आहे. राज्याचे पर्यटन विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले ते अशाच कुटुंबांना परवडेल असा निवारा मिळावा म्हणून, आणि त्याचा लाभ घेण्यात कोणीही संकोच बाळगण्याचे कारण नाही. सुनेने या मुद्द्याला उत्तर दिले नाही, कारण तिच्या मनात निराळेच काही होते.

"मामाजी, एक विचारू? तुम्ही महाराष्ट्रदर्शनची सवलत किती वेळा घेतलीत?"

"नाही घेतली."

"एकदाही नाही?"

"गावाकडचे निघायचे. वडिलांचे आजारपण, मग घराचे संपादन, मग भावाच्या मुलीचे लग्न. दर चार वर्षांनी मुदत संपून जायची."

"सासूबाईंना समुद्र पाहायचा होता. मी लग्न होऊन आले त्या वर्षी त्यांनी मला हे सांगितले. रत्नागिरीच्या बाजूचा समुद्र, असे म्हणाल्या होत्या. कोणत्या तरी मासिकात त्यांनी त्याचे चित्र पाहिले होते."

मामाजी म्हणाले, "ती मला कधी बोलली नाही."

"त्यांना कोणी विचारले नाही," ती म्हणाली, आणि लगेच, आवाज खाली आणून, "मी तुम्हाला दोष देत नाही. त्या असताना मीही त्यांना नेले नाही."

भंडारा जिल्ह्यात, जेथे मालगुजारीच्या काळापासून बांधलेले तलाव पावलोपावली आहेत आणि ज्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, तेथे आयुष्य काढलेल्या स्त्रीला समुद्राची ओढ वाटावी, यात मला काही विसंगत दिसत नाही. ज्याने पाण्याचा एक काठ रोज पाहिला आहे त्यालाच दुसरा काठ नसलेल्या पाण्याची कल्पना अस्वस्थ करीत असावी. शासनाने भाडे देऊ केले होते, नियम अनुकूल होता, अर्जाचा नमुना मामाजींच्या स्वतःच्याच कपाटात होता. आणि तरीही ती गेली नाही.

येथे वाद संपला असे मला वाटले होते. परंतु मामाजींनी, बऱ्याच वेळाने, जे सांगितले त्याने त्याला पुन्हा वेगळे वळण लागले, आणि ते सांगताना त्यांच्या स्वरात समर्थनाचा भाव नव्हता.

"तुझे म्हणणे मी मान्य करतो. तिला न्यायला हवे होते. पण ती नागपूरला दवाखान्यात होती ते दिवस आठव. तुला शाळा होती, मुले लहान होती, माझ्याने रात्र जागवत नव्हती. तेव्हा रात्रपाळीला कोण बसले? धाकट्याचा मोठा मुलगा आणि त्याचा मावसभाऊ. आळीपाळीने, महिनाभर. त्यांना कोणी बोलावणे पाठवले नव्हते. त्यातला एक तर खाजगी नोकरीत होता. त्याचा पगार कापला गेला, हे मला नंतर कळले. ती दोन्ही पोरे माझ्या मुलाबरोबर त्या वाळूत झिरे उकरत मोठी झाली होती. एकाच पांघरुणात झोपलेली, एकाच ताटात जेवलेली. रक्ताने ती नाती आधीपासून होतीच. पण रक्ताची अशी कितीतरी नाती असतात जी पत्रिका पाठवण्यापलीकडे जात नाहीत. ही पुढे गेली, कारण पोरे दर उन्हाळ्यात महिना महिना एकत्र राहिली. तुमच्या मुलांच्या उशाशी पुढे कोण बसेल? चिखलदऱ्याच्या हॉटेलात शेजारच्या खोलीत जे कुटुंब होते त्याचे नाव तरी तुम्हाला आठवते का?"

ती म्हणाली, "नाही आठवत." आणि पुढे म्हणाली, "याला माझ्याजवळ उत्तर नाही, मामाजी."

मलाही या प्रश्नाचे उत्तर सापडलेले नाही, आणि म्हणूनच माझा कौल, तो द्यावाच लागला तर, मामाजींच्या बाजूने पडतो. पर्यटनाच्या सुट्टीतून जे मिळते, म्हणजे विश्रांती, दृष्टीचा विस्तार, पतिपत्नींना आणि मुलांना एकमेकांचा अखंड सहवास, ते सारे मोलाचे आहे. पण त्यातले बरेचसे थोड्या दिवसांत मिळते, आणि पैसा हाती असेल तर पुन्हा मिळवता येते. चुलत-मावस भावंडांनी एका घरात महिना काढल्याने जे घडते ते विकत मिळत नाही आणि बालपण उलटून गेल्यावर घडवता येत नाही. धरणाने ज्यांचे गाव नेले त्यांना तर हे अधिकच लागू आहे. लाभक्षेत्रातील अडीच लाख हेक्टर जमिनीला पाणी मिळावे या हेतूने ज्यांनी आपली घरे सोडली, त्यांची मुलेही एकमेकांना अनोळखी व्हावीत, ही किंमत त्यांच्याकडून कोणी मागितली नव्हती आणि त्यांनी ती देऊही नये.

मात्र या कौलाला एक अट जोडलेली आहे, आणि ती सूनबाईंची आहे. आप्ताच्या घरची सुट्टी मोलाची असेल तर तिचे मोल कोणी तरी एकटीने चुकवीत राहावे, हे चालणार नाही. माणसे येतात म्हणून घर आनंदी होते, या वाक्याच्या आडून आपल्या समाजाने पिढ्यान्पिढ्या अशा काकूंची मेहनत फुकट वापरली आहे. आणि ज्या सुना आज मुलांना आजोळी वा गावी न्यायला नाखूश असतात, त्यांतल्या पुष्कळजणींनी ती मेहनत जवळून पाहिलेली असते. त्यांना आत्मकेंद्री म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पाहुण्या पुरुषांनी ओसरी सोडून पाणी भरावे, आल्या दिवशी धान्य-किराणा घरात टाकावा, मुलांनी स्वतःची ताटे घासावीत, एवढे जरी घडले तरी पुष्कळ सुनांचा नकार मावळेल, अशी माझी खात्री आहे.

परतताना सूनबाईंनी मुलांच्या मागणीवरून अंभोऱ्याचा विषय काढला. वैनगंगा आणि कन्हान जेथे आणखी तीन लहान नद्यांसह मिळतात, जेथे चैतन्येश्वराचे देवालय आहे आणि मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' तेथेच रचला अशी या भागाची श्रद्धा आहे, त्या स्थानी आता मोठा पूल झाला असून तो पाहायला गर्दी लोटते. मामाजी यात्रेसाठी यायला तयार होते, मुलांना पूल हवा होता. त्यावर फारशी चर्चा झाली नाही. जलाशयावर जलपर्यटनाचा जो प्रकल्प शासनाने हाती घेतला आहे त्याविषयी मात्र थोडे बोलणे झाले. गाव जेथे बुडाले तेथून मुलांना नावेत बसवून न्यावे का, असे तिने विचारले, आणि ते विचारताना तिचा स्वर संकोचलेला होता. "न्या," मामाजी म्हणाले, "पण मला बरोबर घ्या. देऊळ कोठे होते, शाळा कोठे होती, हे नावाड्याला माहीत नसेल. नावाडी ढिवराचा असेल तर मात्र त्याला माहीत असेल." आणि मग नागपूरच्या सांडपाण्याने भरलेली नाग नदी कन्हानमधून याच जलाशयात येते, जलपर्णी त्यामुळेच माजली आहे, आणि त्या पाण्यात मुलांनी हात घालू नये, हेही त्यांनी बजावले. पर्यटनाच्या योजना आखणाऱ्यांनी ही सूचना ध्यानात घ्यावी. जे पाणी हातात घेता येत नाही त्यावर कुटुंबे फार दिवस येत नाहीत.

या वर्षीचा बेत असा ठरला आहे: मुले पहिले तीन आठवडे गावठाणात राहतील आणि शेवटचे चार दिवस चिखलदऱ्याला जातील. तिकडे काकूही त्यांच्याबरोबर जाणार आहेत. त्यांना दूरध्वनी मामाजींनी स्वतः केला. काकूंनी आधी नको म्हटले, घर कोण पाहील असे विचारले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून तेथे थंडी किती असते, शाल घ्यावी लागेल का, याची चौकशी केली.

वाचकांपैकी अनेकांची मुले या उन्हाळ्यात कोणाच्या तरी घरी, मामांकडे, काकांकडे, आत्याकडे जातील, आणि त्यांनी जावेच. त्यांना पोचवायला जाल तेव्हा त्या घरच्या गृहिणीला, इतरांच्या देखत नव्हे, एकटीला गाठून, तिला कोठे जावेसे वाटते हे विचारा, आणि तिने स्थळाचे नाव घेतले तर तिच्यासमोरच तिकिटाची तारीख ठरवा.